दूरध्वनीच्या पाच पिढ्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजच्या संमेलनात काही बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि विषयही मंडळानेच नेमून दिला. मोबाइलच्या जुन्या जाळ्यांत आणि नव्या जाळ्यांत भेद कोणता, तो सर्वांस समजेल अशा भाषेत सांगावा, असा तो विषय आहे. वरवर पाहता हा विषय तरुणांचा; परंतु तो निवडण्यास एक निमित्त घडले आहे. पुढील वर्षापासून मंडळाच्या सूचना, वधूवर माहितीपत्रक आणि दुःखद वार्ता केवळ फोनवरील समूहातून कळवाव्यात, छापील पत्रिका व टपाल बंद करावे, असा एक ठराव आज दुपारच्या सभेपुढे यावयाचा आहे. त्यावर मत देण्यापूर्वी हे फोन म्हणजे काय, ते कोणत्या पिढीचे आहेत आणि एका पिढीचा फोन दुसऱ्या पिढीच्या जाळ्यात का बोलत नाही, एवढे तरी आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रथम नावाविषयी. टू-जी, थ्री-जी, फोर-जी या शब्दांतील 'जी' म्हणजे जनरेशन, अर्थात् पिढी. ही पिढी हातातील यंत्राची नव्हे, तर टॉवर आणि यंत्र यांच्यामध्ये आकाशातून जो संवाद चालतो, त्याच्या पद्धतीची होय. आमच्या हिशेबाने अशा पाच पिढ्या आजवर झाल्या आहेत. त्या साधारणपणे दर दहा वर्षांनी जन्मास आल्या.

या सर्वांच्या मुळाशी एक कल्पना आहे. पूर्वी एका शहरास एकच उंच टॉवर असे आणि त्याच्याजवळ मोजक्याच रेडिओवाटा असत. जितक्या वाटा तितकीच बोलणी; पुढच्या माणसाने थांबावे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अशी कल्पना पुढे आली की, शहराचे मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान कप्पे पाडावेत, प्रत्येक कप्प्यास कमी शक्तीचा टॉवर द्यावा आणि एका कप्प्यात वापरलेली वाट थोड्या अंतरावरील दुसऱ्या कप्प्यात पुन्हा वापरावी. म्हणजे तीच वाट शहरात अनेक ठिकाणी एकाच वेळी उपयोगी पडेल. एस. टी.ने पुण्याहून साताऱ्यास जाताना बोलणे न तुटता एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपविले जाते, ते या कप्प्यांच्या व्यवस्थेमुळेच. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मार्टिन कूपर यांनी हातात धरावयाच्या फोनवरून पहिले संभाषण केले ते ३ एप्रिल १९७३ रोजी. जपानमध्ये टोकियो येथे १९७९ साली अशा जाळ्याची सेवा जनतेस खुली झाली, तर अमेरिकेत शिकागो येथे १९८३ साली.

आता पिढीपिढीतील भेद. आपण तांबट-कासार आहोत, तेव्हा पुण्याच्या तांबट आळीचेच उदाहरण घेऊ. आळीत चहूकडे हातोड्यांचे ठोके चालू आहेत, अशा गलबल्यात पुष्कळ माणसांना एकमेकांशी बोलावयाचे आहे. ते कसे साधावे? प्रत्येक पिढीने या एकाच प्रश्नास आपले निराळे उत्तर दिले आहे.

पहिल्या पिढीचे उत्तर असे की, प्रत्येक जोडीस स्वतंत्र खोली द्यावी. एका संभाषणास एक रेडिओवाट, आणि ते संपेपर्यंत ती दुसऱ्या कोणास मिळावयाची नाही. आवाज जसाच्या तसा लहरींवर चढविला जाई. त्यामुळे खोल्या लवकर संपत आणि भिंतीही कागदी असत. साधा रेडिओ-ग्राहक बाळगणारा कोणीही परक्याचे बोलणे ऐकू शके. ही पिढी आपल्या देशात सार्वजनिक वापरात आलीच नाही. आपण एकदम दुसऱ्या पिढीपासून आरंभ केला.

दुसऱ्या पिढीने, म्हणजे टू-जीने, दोन गोष्टी केल्या. आवाजाचे आकड्यांत रूपांतर केले आणि खोलीत पाळी लावून दिली. एका वाटेवर आठ माणसे बसवावयाची आणि प्रत्येकास सेकंदाच्या सुमारे सतराशेव्या भागाइतका क्षण द्यावयाचा. आठांची पाळी फिरून आली की पुन्हा पहिला. अशा पाळ्या एका सेकंदात सुमारे २१७ वेळा फिरतात. म्हणून आपले बोलणे सलग चालले आहे असेच वाटते. पुष्कळांस स्मरत असेल की, फोनची घंटा वाजण्यापूर्वी जवळचा रेडिओ 'टर्र टर्र' असा आवाज करी. तो या पाळ्यांचाच ठोका होता. या जाळ्यावरील पहिले संभाषण फिनलंडमध्ये १ जुलै १९९१ रोजी झाले. पुढील वर्षी, ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये पहिला लघुसंदेश पाठविण्यात आला आणि नाताळच्या शुभेच्छांचे ते दोन शब्द जगभर प्रसिद्धी पावले.

हिंदुस्थानात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ते ऐकले. त्या काळी एका मिनिटास सुमारे १६ रुपयांपर्यंत आकार पडे आणि ऐकणाऱ्यासही पैसे मोजावे लागत. म्हणून फोन वाजला की लोक प्रथम नंबर पाहात आणि मग जवळचा तारेचा फोन शोधीत. येणाऱ्या फोनचा आकार १ मे २००३ पासून बंद झाला. मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू न राहता रिक्षावाल्याची, भाजीवाल्या बाईची आणि आपल्या भांड्यांच्या फेरीवाल्याची झाली, त्यामागे जी कारणे आहेत त्यांत हे एक मोठे होय. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण त्या वेळी आकाशातील पद्धत बदलली नव्हती, तीच टू-जी होती. बदलला तो फक्त पैशाचा नियम.

तिसऱ्या पिढीने पाळी मोडली. रुंद दिवाणखान्यात सर्वांनी एकाच वेळी बोलावे, मात्र प्रत्येक जोडीने आपली सांकेतिक भाषा निराळी ठेवावी, ही तिची रीत. लग्नाच्या मांडवात तेलुगू, कानडी, गुजराती बोलणी चालू असली तरी मराठी कान मराठी शब्द बरोबर टिपतो, तसेच हे. पण मांडवात गर्दी वाढली की प्रत्येकास आवाज चढवावा लागतो आणि दूरच्या खुर्चीवरील माणसास काही ऐकू येईनासे होते. थ्री-जीच्या टॉवरचेही तसेच होई. गर्दीच्या वेळी त्याचा पल्ला आखडत असे. जपानमध्ये ही पिढी १ ऑक्टोबर २००१ रोजी अवतरली. आपल्याकडे डिसेंबर २००८ मध्ये सरकारी कंपनीने दिल्लीत तिचा आरंभ केला, आणि २०१० च्या लिलावानंतर खाजगी कंपन्या तीत उतरल्या.

चौथ्या पिढीने तर घराची रचनाच पालटली. पूर्वी बोलणे हे मुख्य आणि मजकूर हा पाहुणा होता. फोर-जीत सर्वच मजकूर. आवाजसुद्धा लहान लहान पुडक्यांत बांधून इतर मजकुराबरोबर पाठवावयाचा. आकाशातील रुंद पट्ट्याचे शेकडो बारीक धागे करावयाचे आणि दर हजाराव्या सेकंदास ज्यास जितके हवे तितके धागे त्याच्याकडे वळवावयाचे. पंगतीत भरलेली ताटे एकदम मांडण्याऐवजी वाढप्याने पानापानापाशी उभे राहून भूक पाहून वाढावे, तसा हा प्रकार. अन्न वाया जात नाही आणि पुष्कळ लोक जेवून उठतात. स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे १४ डिसेंबर २००९ रोजी ही पिढी सुरू झाली. आपल्याकडे कलकत्त्यास एप्रिल २०१२ मध्ये. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओचे जाळे खुले झाले. त्यात टू-जी आणि थ्री-जी मुळातच नव्हते. बोलणेही फोर-जीतूनच होते.

पाचव्या पिढीचा वाढपी तोच आहे, मात्र त्याचे हात पुष्कळ झाले आहेत. जुना टॉवर कंदिलासारखा आपल्या बाजूस सर्वत्र उजेड पाडी. नव्या टॉवरवर अनेक बारीक अँटेना एकत्र काम करतात आणि बॅटरीच्या झोताप्रमाणे माणसामाणसाच्या दिशेने लहरी रोखतात. दक्षिण कोरियात एप्रिल २०१९ मध्ये आणि आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ रोजी तिचा आरंभ झाला. तिच्यासाठी आपल्या देशात राखलेल्या पट्ट्यांपैकी एक २६ गिगाहर्ट्झचा आहे. त्या लहरी एक सेंटिमीटरहून किंचितच लांब असतात. अशाच, किंबहुना याहूनही आखूड, लहरी आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात आपल्या प्रयोगशाळेत निर्माण केल्या होत्या. हे ऐकून कोणाही भारतीयास समाधान वाटेल.

वेगाचा फरक किती, तो गणिताने पाहू. आपली स्मरणिका फोनवर पाठविण्याजोगी केली आणि ती २० मेगाबाइटची झाली असे समजू. म्हणजे १६ कोटी बिट. टू-जीच्या आरंभीच्या सेकंदास ९,६०० बिट या वेगाने ती पोहोचण्यास साडेचार तासांहून अधिक वेळ लागेल. थ्री-जीच्या आरंभीच्या ३८४ हजार बिट या वेगाने सुमारे सात मिनिटे. फोर-जीचा वेग सेकंदास दोन कोटी बिट धरला तर आठ सेकंद, आणि फाइव्ह-जीचा वीस कोटी धरला तर एक सेकंदही नाही. प्रत्यक्षात वेग जागेवर, गर्दीवर आणि टॉवरच्या अंतरावर अवलंबून असतो. तरी प्रमाण यावरून कळावे.

परंतु येथे थोडे थांबावे. माणसाचा आवाज पाठविण्यास टू-जीत सेकंदास १३ हजार बिट पुरत. म्हणजे 'आई, मी सुखरूप पोहोचलो' एवढे सांगावयाचे असेल, तर त्यास दुसरी पिढीही पुरेशी होती. वेग हजारोपटींनी वाढला, पण माणसाच्या बोलण्याची गरज वाढली नाही. वाढली ती चित्रांची, चलच्चित्रांची आणि पैशाच्या देवघेवीची. म्हणून 'नवे चांगले की जुने' असा प्रश्न मोघमपणे विचारून चालत नाही. कोणत्या कामास, कोणाच्या हाती आणि कोठे, असा विचारावा लागतो.

जुन्याच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की, टू-जीची रेंज लांबवर जाते आणि फाइव्ह-जीची गल्ली ओलांडत नाही. यात सत्य अर्धेच आहे. लांब जाणे हा पिढीचा गुण नसून लहरीचा आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे एक फूट लांब असते. ती भिंती, झाडे यांतून बरीच निभावते. ३३०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे नऊ सेंटिमीटर असते. ती लवकर दमते, पण तिच्या पट्ट्यात जागा पुष्कळ असल्याने ओझे अधिक वाहते. फाइव्ह-जीच ७०० मेगाहर्ट्झवर चालविली तर तीही दूरवर जाते. जुन्याचे खरे गुण दुसरे आहेत: यंत्र स्वस्त, बटणे ठसठशीत आणि बॅटरी आठवडा-आठवडा टिकणारी.

नव्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत आणि त्या वृद्धांच्या हिताच्या आहेत. पहिली आवाजाची. तारेच्या फोनपासून टू-जीपर्यंत सर्वत्र सेकंदास सुमारे ३०० ते ३,४०० कंपने एवढाच स्वर पलीकडे जाई. 'स', 'श', 'फ' या अक्षरांची ओळख पटविणारा पुष्कळसा भाग याच्या वर असतो. फोर-जीतील बोलण्यात सुमारे ७,००० कंपनांपर्यंतचा स्वर जाऊ शकतो, मात्र दोन्ही टोकांस तशी सोय हवी. ज्यांस कमी ऐकू येते, त्यांना शब्द ओळखण्यास हा फरक उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. टू-जीत जाळे फोनची ओळख तपासून घेते, पण फोनला जाळ्याची ओळख पटवून घेता येत नाही. त्यामुळे लबाड माणसाने खोटा टॉवर उभारला तर जुना फोन त्यावर विश्वास ठेवतो. तिसऱ्या पिढीपासून ही तपासणी दोन्ही बाजूंनी होऊ लागली. मात्र कोणतीही पिढी आली तरी गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्या भामट्यापासून ती वाचवीत नाही. बँकेचा आकडा कोणासही सांगू नये आणि फसगत झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकास कळवावे.

एका गैरसमजाचाही येथे निरास करितो. २०२० साली फाइव्ह-जीमुळे करोना पसरतो अशी आवई उठली आणि इंग्लंडात लोकांनी टॉवर जाळले. आपल्याकडेही तीच आवई पसरल्याने मे २०२१ मध्ये दूरसंचार खात्यास खुलासा करावा लागला. त्या वेळी या देशात फाइव्ह-जीची सेवा सुरूसुद्धा झालेली नव्हती! रोगजंतू रेडिओलहरींवर बसून प्रवास करीत नाहीत, हे शालेय विज्ञान आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कुटुंबात वडील आधी निवृत्त होतात, मग मुलगा. मोबाइलच्या घरात मात्र उलटे घडले आहे. आपल्या देशात खाजगी कंपन्यांनी २०१९-२० पासून थ्री-जी आवरती घेण्यास आरंभ केला, आणि तिच्याहून वडील असलेली टू-जी मात्र अनेक ठिकाणी चालूच राहिली. कारण सरळ आहे. थ्री-जीचे काम फोर-जी तेवढ्याच पट्ट्यात अधिक चांगले करते. टू-जीवर मात्र बटणांच्या फोनांचे, दुकानांतील कार्डयंत्रांचे आणि विजेच्या काही मीटरांचे संसार अवलंबून आहेत. तरीही हे अनंतकाळ चालावयाचे नाही. अमेरिकेत २०२२ अखेर मोठ्या कंपन्यांचे थ्री-जी बंद झाले. ऑस्ट्रेलियात ते बंद करण्याच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही फोन नेहमीचे बोलणे फोर-जीवरून करीत, पण संकटकाळचा क्रमांक फिरविला की थ्री-जीकडे वळत. नेहमी चालणारा फोन नेमका प्राणसंकटाच्या वेळी मुका होणार होता! अशा फोनांच्या धन्यांना शोधून सावध करावे लागले. आपल्याकडे सरकारी कंपनीचे स्वदेशी बनावटीचे फोर-जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी झारसुगुडा येथे राष्ट्रास अर्पण झाले, त्यामुळे खेडोपाडी हा बदल आता अधिक वेगाने होईल.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, प्रत्येक नवी पिढी पुष्कळांस आत घेते, पण उंबऱ्यावर काही जणांस न सांगता सोडूनही जाते. जे सुटतात ते तक्रार करीत नाहीत. कारण तक्रार करण्याचे साधनच त्यांच्या हातून गेलेले असते. गतवर्षी आपल्याच ज्ञातीतील एका वयोवृद्ध गृहस्थांस आपल्या बालमित्राच्या निधनाची वार्ता तेराव्या दिवसानंतर कळली. वार्ता फोनच्या समूहावर तासाभरात सर्वत्र पोहोचली होती. या गृहस्थांजवळ बटणांचा फोन होता. त्यावर समूह नव्हता. त्या फोनची घंटा चालू होती, रेंज होती, पैसेही भरलेले होते. केवळ कोणी नंबर फिरविला नाही. दोघांनी मिळून चाळीस वर्षे एका भट्टीवर काम केलेले. त्यांनी कोणास दोष दिला नाही. 'खांदा द्यावयाचा राहिला' एवढेच ते म्हणाले.

येथे दोष टू-जीचा नव्हे आणि फोर-जीचाही नव्हे. जे काम तेरा हजार बिटांत होत होते, ते करणारा माणूस नव्हता. म्हणून दुपारच्या सभेपुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना मांडतो.

पहिली, समूहाचा ठराव अवश्य करावा. त्याने खर्च वाचेल आणि परगावच्या मुलामुलींस माहिती तत्काळ मिळेल. मात्र प्रत्येक पेठेतील व गावातील ज्या घरी बटणांचाच फोन आहे, त्यांची वेगळी यादी करावी आणि प्रत्येक यादी एका तरुण सभासदाकडे सोपवावी. दुःखद वार्ता त्याने स्वतः फोन करून कळवावी. ज्यांच्या घरी कोणताच फोन नाही, त्यांना पत्रिका टपालाने जात राहावी.

दुसरी, वडीलधाऱ्यांसाठी नवा बटणांचा फोन घेताना त्यात फोर-जीवरून बोलण्याची सोय, जिला व्होल्टी म्हणतात, ती आहे की नाही हे दुकानदारास विचारून घ्यावे. नुसते 'फोर-जी' हे अक्षर पुरेसे नाही. केवळ बोलण्यासाठी फाइव्ह-जीचा महाग फोन घेण्याची गरज नाही. ज्यांस इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त बोलणे व लघुसंदेश एवढ्याचेच पॅक प्रत्येक कंपनीने ठेवले पाहिजे, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे; तसा पॅक मागून घ्यावा.

तिसरी, दिवाळीच्या सुटीत मंडळाच्या सभागृहात दोन दिवस तरुणांनी बसावे आणि येईल त्या वृद्धाचा फोन तपासून तो कोणत्या पिढीचा, जाळे बदलले तर बोलेल की नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. यास पैसा लागत नाही, थोडी सवड आणि थोडा धीर लागतो.

तांबट आळीतील कबुतरे ठोक्यांच्या आवाजाने उडत नाहीत, असे म्हणतात. त्यांच्या कानास तो सवयीचा झालेला असतो. फोनच्या सततच्या घंटांची आपल्या कानांसही तशीच सवय झाली आहे. त्या गलबल्यात ज्याची घंटा वाजतच नाही, त्याची आठवण मंडळाने ठेवावी एवढीच प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतो.